चिमूटभर वाळू

प्रार्थना चालू असताना हसली म्हणून मर्सीला भर थंडीत चौकात तासभर उभं केलं होतं, मान आणि मनगटं खोड्यात अडकवून. समोर प्रार्थनाघरातलं वाळूचं घड्याळ. वाळू संपली, तसं शिपायाने तिला सोडलं आणि तो निघून गेला.

घड्याळ न्यायला झाडूवाली हेप्जिबा आली.

"आजी, तास इतक्या लवकर कसा संपला?"

"दर हिवाळ्यात घड्याळाच्या दोन काचांच्या जोडावरचं मेण सोडवते अन् चिमूटभर वाळू काढते."

"कुणाला कळलं तर?"

"प्रवचनही ह्याच घड्याळावर चालतं, पोरी. कळलंय सगळ्यांना. बोलतंय कोण?"

मर्सी पुन्हा हसली, पण या वेळी ओठ दाबून. "केव्हापासून काढताय?"

"बत्तीस हिवाळे झाले. तुझ्या जागी मी उभी होते, तेव्हा ते काठोकाठ भरलेलं होतं."