कोठीचं दार

या, असे जवळ सरकून बसा. एका दाराची गोष्ट सांगतो.

बाप सुतार, लेकही सुतार. लाकडं ठेवायच्या कोठीचं दार बापानं बाहेर उघडणारं बसवलं होतं. परवा लेकानं न विचारता ते फिरवून आत उघडणारं केलं, आणि दोघांचं बोलणंच बंद झालं.

आज कोठीत लाकूड चिकटवायचा सरस उकळताना भांडं पेटलं. बाप आत होता. लेक धावत आला आणि दाराला खांदा लावून ढकलू लागला. दार तसूभर हलेना.

"बाबा, दार अडकलंय."

"ठाऊक आहे," आतून खोकत उत्तर आलं. "मीही ढकलतोच आहे."

जुनी सवय, दुसरं काय. देवानं बापलेकांना ताकदही अगदी सारखी दिलेली. फटीतून काळा धूर येऊ लागला.

मागून आई कळवळून म्हणाली, "अहो, दार आता आत उघडतं. जन्मात एकदा तरी मागे सरा."

पलीकडचा जोर एकाएकी नाहीसा झाला आणि लेक दारासकट आत जाऊन पडला. बाप कोसळला असणार, या धास्तीनं तो धुरात जमीन चाचपू लागला.

कुणीतरी त्याची कॉलर धरून त्याला उठवलं. "चल बाहेर. मागे सरलोय, मेलो नाही."

माउलींनो, दाराला खांदा लावणाऱ्या लेकाचं कौतुक गावभर होईल. तुम्ही तेवढी त्या मागे सरलेल्या म्हाताऱ्याची आठवण ठेवा.