रुमालातला सुळका

सदाशिव पेठेतल्या त्या दारापर्यंत येऊन पूर्णिमा एकदा मागे फिरली होती. पर्समध्ये रुमाल, आणि रुमालात वीतभर लांबीचा पांढरा सुळका.

दार आपणहून उघडलं. "घंटी वाजवायची तेवढी परवानगी आहे," बद्रीनाथकाका पांढरे हात धोतराला पुसत म्हणाले. "या. गणपतीचं काम काढलंय, पसारा बघू नका."

मेघालयातल्या त्या अफाट गुहेच्या तोंडाशी काकांनी याच आवाजात सहलीच्या सगळ्या तुकडीला बजावलं होतं. "हात खिशात, जीभ तोंडात. कशालाही शिवायचं नाही." स्वतःची एक बॅग मात्र त्यांनी पुण्यापासून कुणाला उचलू दिली नव्हती. नाजूक सामान म्हणे.

आत तुकडीतल्या संतोषनं भिंतीला नुसतं बोट लावलं, तर पूर्णिमानंच त्याला चारचौघांत झापलं. "कोथरूडच्या सोसायटीची भिंत वाटली का रे?" बिचारा मान खाली घालून चालू लागला.

आणि पुढच्याच चिंचोळ्या वळणावर, जिथली वाट काका नेहमीप्रमाणे एकटे पुढे जाऊन बघून आले होते, तिथे हिची सॅक छताला घासली. कट्! लोंबणारा चुनखडीचा सुळका पायाशी.

"काही पडलं का, पूर्णिमाताई?" काकांनी पुढून विचारलं.

"न... नाही."

"बरं. वीतभर वाढायला त्याला हजारो वर्षं लागतात, म्हणून विचारलं."

त्यापुढची सगळी गुहा ती अंग चोरून चालली. श्वाससुद्धा जपून घेतला.

आता तिनं रुमाल टेबलावर सोडला. पांढरी भुकटी सांडली. "काका, मीच तोडला. वर खोटं बोलले. संतोषची माफी मागते, पण पुढच्या सहलीतून माझं नाव काढा. कुठल्या तोंडानं येऊ?"

काकांनी सुळका उचलला, फुंकर मारली, उलटासुलटा पाहिला. "टोक शाबूत आहे," ते म्हणाले. "नाव कशाला काढू? इतकं जपून चालणारं माणूस मला शोधून मिळायचं नाही."

"लाज वाटते हो मला."

"वाटू द्या. पाटीवरच्या सूचनेपेक्षा ती जास्त टिकते. मी चहा टाकतो, तेवढा हा गॅलरीत ठेवून या."

देवाची मूर्ती न्यावी तसा दोन्ही हातांनी धरून ती तो घेऊन गेली. गॅलरीत कोवळं ऊन होतं. गणपतीच्या साच्यांशेजारी, वर्तमानपत्रावर, अगदी तसलेच सुळके ओळीनं वाळत पडले होते.

स्वयंपाकघरातून काकांचा आवाज आला, "ओल्यांना शिवू नका हं, पूर्णिमाताई! पुढच्या तुकडीचे आहेत."