बिघाड नसलेला कन्सोल

"फार तापतोय," म्हणत बाईंनी गेमचा कन्सोल काउंटरवर ठेवला, तशी दुरुस्तीवाल्याच्या कपाळावर आठी उमटली. महिन्याभरातली ही चौथी खेप. गेल्या वेळी तो म्हणे आवाज करत होता, त्याआधी मधेच बंद पडत होता. दरवेळी त्याने उघडून पाहिला, पंखा पुसला, पण बिघाड काही सापडला नाही.

"नेहमीसारखं खेळून बघा," त्या म्हणाल्या. "तेवढं नेट जोडायला विसरू नका."

स्वतः खेळून पाहिल्याशिवाय तो कुठल्याच कन्सोलचा डबा परत देत नसे. दुकानाची रीतच होती ती. पण गिऱ्हाइकाने आपणहून खेळायला लावावं आणि समोर स्टुलावर ठाण मांडून बसावं, हे काही त्याच्या पचनी पडेना.

शेजारच्या मोबाइलवाल्याने तर बजावलंच होतं, "चोरीचा माल असणार. तुझ्या गळ्याशी येईल. आधीच धंद्याला घरघर लागलीय, त्यात पोलीस आले तर कायमचं कुलूप लाव."

घरघर खरीच होती. पोरंटोरं आता नुसत्या इंटरनेटवरून फोनवर खेळत, हौशी मंडळी कॉम्प्युटर घेत. लोकांनी डबेच घेतले नाहीत तर बिघडणार काय, कपाळ?

त्याने फुटबॉल लावला. कुणा पुरुषाच्या नावाचं खातं आपोआप उघडलं.

"ताई, एवढी दगदग कशाला करता? हाच खेळ क्लाउडवर, म्हणजे डब्याशिवाय नुसत्या नेटवरून फोनवर खेळता येतो. खातं तेच राहतं. पासवर्ड टाकला की झालं."

"पासवर्ड मला माहीत नाही. या डब्यात उघडं राहिलंय तेवढंच."

झालं! आता आणखी कसला पुरावा हवा? तरी तो खेळत राहिला, दोन गोलही झाले. मग मात्र त्याला राहवेना.

"मग मालकाला विचारा. आत्ता, माझ्यासमोर फोन लावा. नाहीतर मी पोलिसांना लावतो. माझं पोट आहे या दुकानावर."

बाईंनी फोनला हात लावला नाही. त्या पडद्याकडे बघत होत्या. तिथे कोपऱ्यात एक निरोप आला होता. 'आज छान खेळलास रे. जेवलास का?' पाठवणाऱ्याच्या जागी लिहिलं होतं, आई.

"हो म्हणून लिहा," बाई हळूच म्हणाल्या. "सासूबाई आहेत. लांब राहतात, ऐकू येत नाही, म्हणून नेटवरून मोबाइलवर ह्यांचा खेळ बघत बसायच्या. मी खेळले की लगेच विचारतात, आज बरं नाही का तुला? तुमचा हात थेट ह्यांच्यासारखा चालतो. मुलगा गेल्याचं त्यांना सांगायला माझी अजून जीभ रेटत नाही हो."