दाराबाहेरचा लाल दिवा

सोन्याची बारीक तार ताणून तोडायची, त्या फटीत एकच रेणू अडकवायचा आणि त्यातून किती वीज वाहते ते मोजायचं, हे संशोधक ताईंचं काम. रेणू म्हणजे महा नाजूक प्रकरण. कुठे खट्ट झालं की निसटलाच. म्हणून मोजणी चालू असेपर्यंत दाराबाहेर लाल दिवा लागलेला असे. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. ताई त्याचं श्रेय टेबलाखालच्या, हादरे शोषणाऱ्या नव्या स्प्रिंगांना देत.

आज मात्र एक रेणू टिकेल तर शपथ! वैतागून ताई बाहेर आल्या, तर जिन्याचं दार वाऱ्याने धाडधाड आपटत होतं.

"हे रोज नाही आपटत?" त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं.

"रोज तुमचा दिवा लागला की सफाईवाल्या मावशी दाराला पाठ टेकून बसतात. आज रजेवर आहेत."

"मग जेवतात कधी?"

"दिवा विझला की."

दिवा विझायला रोज पाच वाजत.

दुसऱ्या दिवशी मावशींनी घाबरतच विचारलं, "ताई, काल माझ्यामुळे काही बिघडलं नाही ना?"

"एक वाजलाय, मावशी," ताई म्हणाल्या. "दिवा विझवलाय. चला जेवायला."