नामदिनाचं बोलावणं

बदामाच्या बिस्किटांचं ताट सकाळपासून तसंच भरलेलं होतं. आज माझ्या लेकाचा, सावासचा नामदिन, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा सण. हा बँकेतला बडा साहेब पक्षाचा नेता झाला आणि रविवारच्या मतदानाआधी नामदिनासाठी अथेन्सहून गावी आला. संध्याकाळ झाली तरी चिटपाखरूही फिरकलं नाही. “आई, कृतघ्न आहे तुझं गाव!” तो येरझाऱ्या घालत ओरडला. मीही वैतागले. कुंपणाशी जाऊन शेजारणीला विचारलं, “कालियोपी, दरवर्षी येतेस, आजच काय गं झालं?” ती फणकारली, “दरवर्षी तुझं दार उघडं असायचं. यंदा लेकाने घरोघर छापील निमंत्रणं धाडली. नामदिनाला कधी कुणी बोलावतं? आम्ही काय परके?” आत येऊन त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि फोनवर सचिवाला फर्मावलं, “उद्या घरोघर माफीपत्रं पाठव, जाड कागदावर!” मी ताट उचललं आणि कालियोपीकडे निघाले. न बोलावता.