पहारेकऱ्याच्या पोटात

"डोळा मिटू नका, नीट बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

फौजदारांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. फौजदार हे लोकांनी ठेवलेलं नाव. खरं तर ते कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्यांचे मुकादम होते आणि निवृत्त झाल्यावर तीच मुकादमकी इमारतीवर गाजवत होते. आज ते आले होते चिठ्ठीसाठी. जिन्यात पडून असलेलं कुत्रं रोगी आहे, एवढं गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं की पालिकेची गाडी त्याला उचलणार होती. उचललेलं आजारी कुत्रं परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण बहिणीकडे जाताना बायको बजावून गेली होती, "मी येईन तेव्हा ते कुत्रं मला जिन्यात दिसता कामा नये. दिसलं तर आल्या पावली परत जाईन." आणि बायको बोलते ते करते, हा फौजदारांचा जन्माचा अनुभव होता.

"ही जांभळी दिसतेय ना, ती पांढरी पेशी. कुत्र्याच्या रक्तातली पहारेकरी."

"आणि तिच्या पोटात ते लांबोडकं काय?"

"तो चोर. एका पेशीचा जीव. कुत्र्यानं गोचीड गिळली, तिच्यातून आत आला."

"म्हणजे पकडलाय की!" फौजदार खूश झाले.

"पकडला नाही, पोसलाय. असल्यांना गिळून मारायचं, हेच तर हिचं काम. पण हा मरत नाही, तिथंच बिऱ्हाड थाटतो. मग हीच त्याला पोटात घेऊन अंगभर फिरते."

फौजदारांचं डोकंच फिरलं. असला पहारा त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. "माझ्या फाटकावर असती ना, तर कधीच घरी बसवली असती!"

"औषध आहे हो. इंजेक्शनं, गोळ्या. माणसाला हा रोग लागतही नाही. पण कुत्र्याला घरात ठेवायला हवं. बाहेर पुन्हा गोचीड गिळली की मुसळ केरात. एवढं कोण करतंय? घ्या तुमची चिठ्ठी."

फौजदारांनी चिठ्ठी पालिकेत दिली. गाडी आपल्या सवडीनं येणार होती. तोवर कुत्रं कुठं निसटलं तर नाचक्की नको, म्हणून त्यांनी त्याला उचलून घरी नेलं आणि मोरीत कोंडलं. ताब्यात घेतलं, असं ते शेजाऱ्यांना म्हणाले. मोरीत गारठा होता, म्हणून कैदी स्वयंपाकघरात आला. तिथून सोफ्यावर. ताब्यातला कैदी मरता कामा नये, म्हणून डॉक्टरीणबाई येऊन इंजेक्शन टोचून गेल्या. गोळी तो थुंकायचा, म्हणून फौजदार ती लोण्यात घोळवून भरवू लागले. बायको जिन्याबद्दल बोलली होती. सोफ्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, असं ते स्वतःला बजावत राहिले. पण रात्री ते पोरकं डोकं मांडीवर आलं की त्यांना वाटायचं, आता याला गाडीत कसं घालायचं?

आणि एका सकाळी गाडी आली. जाळं घेतलेले दोघे दारात उभे राहिले.

"कुत्रं कुठंय?"

"पळालं," फौजदारांनी ठोकून दिलं.

तेवढ्यात आतून आवाज आला. भो! आल्यापासून कुत्रं एकदाही भुंकलं नव्हतं. फौजदारांना आनंदानं टाळी पिटावीशी वाटली आणि त्याच क्षणी दरदरून घामही फुटला.

"हे काय मग?"

"बायको," फौजदार म्हणाले. "खोकतेय. घसा बसलाय तिचा."

जाळंवाल्यांच्या मागं, जिन्याच्या वरच्या पायरीवर, हातात पिशवी घेऊन बायको उभी होती. आतून पुन्हा आवाज आला, या वेळी चांगला दणदणीत. फौजदारांनी डोळे मिटले.

"आणि या कोण?" जाळंवाल्यानं वळून विचारलं.

बायकोनं नवऱ्याकडं आपादमस्तक पाहिलं. पिशवी खाली ठेवली.

"मी मेहुणी यांची," ती म्हणाली. "सरका हो भाऊजी, ताईला बघू दे. आवाज फुटला ना तिला? सुटले बाई! इतके दिवस नुसती पडून असायची, जाता-येता मला बघवत नव्हतं."