कंदील धरणारा

“हे कोणालाच पटणार नाही, पण एकशे एक टाके मी स्वतः मोजलेत,” म्हातारा सुतार म्हणाला. नात त्याच्या पायांना तेल चोळत होती. डाव्या नडगीवरचा लांब वण करवत निसटून झालेला, असं तो घरात सांगत आला होता.

शहर पेटलं होतं. चर्चच्या दवाखान्यात तिथल्या सिस्टरनं चाळीस माणसं दडवली होती. म्हातारा, म्हणजे तेव्हाचा तरणाबांड गडी, म्हणे त्यांच्यातच होता. वीज तोडलेली, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, भर दुपारी आत मिट्ट काळोख. कोपऱ्यात बेकरीवाला भट्टीची सळई घेऊन बसला होता. सकाळी त्याच्या धाकट्या भावाला जमावानं दुकानासमोर ठेचून मारलं होतं.

मग तोच जमाव दवाखान्याच्या दारावर आला. सगळ्यात पुढच्यानं कुऱ्हाड उगारली.

“कडी लावलीय का, एवढंही गाढवानं पाहिलं नाही,” म्हातारा खिदळला. “दुखणेकऱ्याला बाहेर ताटकळावं लागू नये म्हणून सिस्टर कडी कधी लावतच नसे. त्या दिवशीही नाही.”

घाव बसताच दार धाडकन आत गेलं आणि कुऱ्हाड त्याच्याच पायात हाडापर्यंत घुसली. रक्ताची चिळकांडी छताला लागली, असं म्हाताऱ्याचं म्हणणं. रस्त्यावर गोळीबार सुरू झाला, जमाव पांगला. सिस्टरनं त्या कुऱ्हाडवाल्याला बखोटीला धरून आत ओढलं.

आतली माणसं त्याच्यावर तुटून पडली. लाथा, बुक्क्या. दोन दात फरशीवर गडगडले. बेकरीवाल्यानं सळई उचलली.

“बाजूला व्हा, सिस्टर. हा माणूस नाही.”

सिस्टर त्याच्या अंगावर आडवी पडली होती. “देवाला माणूस होता आलं,” ती म्हणाली. “यालाही जमेल. टाके पुरे होईपर्यंत वेळ द्या. आणि कोणीतरी कंदील धरा.”

कोणी हललं नाही.

“शेवटी मीच पुढं झालो,” म्हातारा म्हणाला. “संध्याकाळपर्यंत धरला. एकशे एक टाके. हात तसूभर हलला नाही.”

नातीचा अंगठा नडगीवरच्या वणावरून हळूहळू वर सरकत गेला.

“सव्वीस आहेत, आजोबा,” ती म्हणाली. “मग कंदील कोणी धरला होता?”

म्हाताऱ्यानं पाय जवळ ओढून घेतला.

“बेकरीवाल्यानं,” तो म्हणाला. “दोन्ही हातांनी.”